बोटशेडमागची वेल

३ जून

सकाळी साडेसातला हेर ओन्केनचा फोन. (हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत'.) हा माणूस फोन करत नाही. काही सांगायचं असलं तर सायकल काढतो आणि येऊन माझ्या खिडकीवर टकटक करतो. आज म्हणाला, "या. आत्ता या. बूट घालून." मला वाटलं, बायकोला काही झालं.

जुन्या बोटशेडच्या मागे, वाळूच्या टेकडीच्या आडोशाला उभा होता, टोपी हातात. सत्तरी उलटलेला माणूस. या जर्मन बेटावरच्या टेकड्यांची राखण फुकटात करतो, पक्षी मोजतो, वाट सोडून चढणाऱ्या पर्यटकांवर ओरडतो. आज ओरडला नाही, नुसतं बोट खाली केलं. वाळूवर सरपटलेली जाडसर, गोलट, चकचकीत पानं.

श्ट्रांडविंडे. आपल्याकडच्या मर्यादवेलीची इथली चुलत बहीण. हिच्यावर मी साडेतीन वर्षं पीएचडी करतेय आणि या बेटावर एकदाही ती जमिनीत उगवलेली पाहिलेली नाही. आमच्या विभागाच्या रोटे लिस्टेत, म्हणजे धोक्यातल्या झाडांच्या यादीत, या बेटापुढे शून्य आहे. शून्य म्हणजे नाहीशी झालेली.

"शेवटची पाहिली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं," ओन्केन म्हणाला आणि चक्क रडायला लागला. मीही. मग मोजायला खाली बसले आणि झुपक्याच्या बुडाशी वाळूतून वर आलेली एक कड दिसली.

करवंटी.

ओन्केनला आनंदच. "श्ट्रांडगुट! समुद्राने आणलेला माल. बघा, बीसुद्धा असंच तरंगत आलं असणार." करवंटी तडकलेली होती, मुळं केव्हाच तिच्यातून खाली गेलेली. अर्धा तुकडा हलकेच सुटून हातात आला. आतल्या बाजूला ओरखडे. बारीक, एकाच दिशेने, काळं खोबरं येऊ नये म्हणून जपून थांबलेले.

समुद्र नारळ खवत नाही.

"नमुना म्हणून नेते," म्हटलं आणि सॅकमध्ये टाकली. ओन्केन मान हलवत होता, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. त्याला वाटलं मी किती काटेकोर.

४ जून

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दोन वर्षांपूर्वी मे महिना. आई गुहागरहून आली होती, पहिल्यांदाच. माझे बिया रुजवण्याचे प्रयोग चालू होते. या बियांचं कवच दगडासारखं, कानस मारल्याशिवाय रुजत नाहीत. प्रयोग संपला की उरलेल्या बिया आणि रोपं वाफेच्या यंत्रात घालून मारायची, रजिस्टरमध्ये 'नष्ट केल्या' लिहून सही करायची. हा नियम. शुक्रवारी यंत्र बंद होतं. मी मोड आलेल्या बियांची डबी घरी आणली, सोमवारी नेऊ म्हणून ओल्डेनबुर्गच्या, विद्यापीठाच्या गावच्या, स्वयंपाकघरात ठेवली. शनिवार-रविवार आईला बेट दाखवायला घेऊन आले. सोमवारी बघते तर डबी धुऊन पालथी घातलेली. आईने कचऱ्यात टाकलं असणार असं धरून चालले.

रजिस्टरमध्ये सही केली. नष्ट केल्या.

विचारलंही नाही तिला. दोन मिनिटांचं काम होतं.

६ जून

आईला व्हिडिओ कॉल. सहज विचारल्यासारखं विचारायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"आई, त्या डबीतल्या बिया तू कुठे टाकल्यास?"

"टाकल्या? लावल्या! मोड आलेलं कुणी कचऱ्यात टाकतं का? नारळ फोडला होता ना वड्यांना, त्याची करवंटी होती. तिच्यात माती घातली, पिशवीतून नेलं तिकडे. ते होड्यांचं छप्पर आहे बघ, त्याच्या मागे. कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी जागा बघितली. करवंटीसकट पुरलं, म्हणजे मुळं दुखावत नाहीत."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तू कानात ते घालून कॉम्प्युटरवर बसली होतीस. हो हो म्हणालीस."

मी ओरडले. तुला काही कळतं का, तो राखीव भाग आहे, तिथे पाऊलसुद्धा टाकायचं नसतं, माझी पीएचडी आहे ती. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. ती ओरडून घेत नाही कुणाचं. आज घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "जगलं का पण ते?"

"माहीत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

तिला सांगायला काय झालं होतं? जगलंय म्हणून. नऊ फांद्या आहेत म्हणून.

९ जून

टी. आली. (फ्राऊ टीडेमान, माझी गाईड. टी. लिहिते कारण पूर्ण नाव लिहिलं की ती मागे उभी आहे असं वाटतं.) फेरीबोटीतून उतरून थेट बोटशेडमागे. गुडघ्यांवर बसली, भिंग काढलं, वीस मिनिटं एकेक पान उलटून पाहिलं. उठली तेव्हा गुडघे ओले आणि चेहरा पंचविशीतल्या मुलीचा.

नवी यादी या वर्षी निघतेय आणि किनाऱ्याचा भाग टी.कडेच आहे. जुलैअखेर फॉर्म द्यायचा. शून्याचा एक होणार. एक म्हणजे नाहीशी होण्याच्या मार्गावर, पण आहे. "तुमच्या हयातीत असं एकदा लिहायला मिळालं तरी पुष्कळ," टी. म्हणाली आणि फॉर्म मलाच भरायला दिला. मान म्हणून.

फॉर्मवर एक रकाना आहे. मूळची / लावलेली / माहीत नाही. लावलेली असेल तर ती मोजत नाहीत. कुणीतरी फुलझाड आणून खोचलं म्हणून जात परत आली असं होत नाही. हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते.

१० जून

ओन्केनकडे चहा. इथला चहा म्हणजे सोहळाच. आधी कपात खडीसाखर, मग चहा, मग कडेने साय. ढवळायचं नाही. तीन कप घ्यायचे. बस झालं की चमचा कपात उभा ठेवायचा. मला हे गेशेने शिकवलं, त्याच्या बायकोने. ती रोलाटर घेऊन चालते, चाकांचा तो आधार. विटांच्या रस्त्यावर ठीक, वाळूत रुततो.

 दुसऱ्या कपाला गेशे म्हणाली, "तर मग, वाट नाही होणार म्हणजे."

मला माहीतच नव्हतं. म्हणजे वाट होणार हे माहीत होतं; रस्त्याच्या टोकापासून टेकडीतून थेट किनाऱ्यापर्यंत लाकडी फळ्यांची, व्हीलचेअर आणि रोलाटर जाईल अशी. ती बोटशेडमागून जाणार हे डोक्यातच आलं नव्हतं. गेशेनेच सह्या गोळा केल्या होत्या, दारोदार. आता गावची समिती म्हणते, मूळची वेल असेल तर तिथे खिळासुद्धा मारता येणार नाही.

"दोन उन्हाळे झाले मी समुद्र बघितला नाही," गेशे म्हणाली. "आवाज येतो बाकी. रोज येतो."

ओन्केन कपात बघत होता. वेल त्याने शोधली, वाट बायकोची गेली. त्याला दोन्ही कळत होतं.

मी दुसऱ्या कपालाच चमचा ठेवला. 

१४ जून

टी.ने पानाचे तुकडे तपासायला येना शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायला सांगितले. या बेटावरून पूर्वी गोळा करून कागदावर चिकटवलेला जुना नमुना आहे, त्याच्याशी जुळवून बघायचं. जुळलं तर समुद्राने किंवा वाळूत झोपलेल्या जुन्या बियांनी वेल परत आणली, अशी सुंदर कथा होईल. सुंदर हा शब्द तिचा.

येनाला अमेय आहे. पुण्यात एम.एस्सी.ला बरोबर होता, आता तिथे हेच करतो. फोनवर खूश. "अगं तुझी वेल पेपरात येणार! पार्टी कधी?" मी म्हटलं, लवकर होईल का तपासणी? म्हणाला, रांगेत बारा जण आहेत, जुलैच्या मध्याला.

मनात आलं, याला सांगावं, हळू कर. फॉर्मची तारीख उलटू दे. मनात आलं हे लिहून ठेवते.

१५ जून

माझ्या बिया एका वनस्पती उद्यानाकडून आल्या होत्या. पाकिटाचा फोटो शोधला. मूळ ठिकाण: अज्ञात. म्हणजे फ्रान्सच्या असू शकतात, पोर्तुगालच्या असू शकतात. येनाला ते दिसेल, मग टी. विचारेल, मग मी तोंड उघडणार. त्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

आणि दिसलं नाही तर?

२० जून

काही लिहिण्यासारखं नाही. कुंपण घातलं, दोरी आणि पाट्या. ओन्केन रोज तीनदा जातो. सशांनी एक फांदी कुरतडली तर मला असं बोलावलं जणू घरात चोर शिरलेत. आता जाळी बसवलीये.

करवंटी टेबलाच्या खणात आहे. खण उघडत नाही. पेन्सिली बाहेरच ठेवते.

२७ जून

पेपरात फोटो. ओन्केन, टोपी हातात. मथळा: 'चाळीस वर्षांच्या शोधानंतर'. बेकरीत सगळे त्याचा हात हातात घेत होते. एकजण म्हणाला, "आता वाट कुठून नेणार, हेर ओन्केन?" तो हसला नाही.

बातमीत माझंही नाव आहे, भारतातून आलेली संशोधक म्हणून. आईला आपोआप कळलं असतं, पण तिला जर्मन कुठे येतं. तिचे रोजचे मेसेज येतात. जेवलीस का. थंडी आहे का. वेलीचं नाव पुन्हा काढलं नाही तिने. ओरडल्याचं लागलंय तिला. मी सॉरी म्हटलेलं नाही, का ते मलाच कळत नाही. सॉरी म्हटलं तर पुढचं विचारेल म्हणून.

२ जुलै

गावसमितीची सभा नऊ तारखेला. टी.ने मला बोलायला सांगितलंय, दहा मिनिटं, वेल किती मोलाची आहे यावर. स्लाइड्स केल्या. पहिलीवर वेल, दुसरीवर नकाशा. तिसरीवर 'नैसर्गिक पुनरागमन' असं लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

गेशे पुढच्याच रांगेत बसणार. मी तिला तोंडावर सांगणार की तुझी वाट अडवणारी ही वेल समुद्राने आणली. माझ्या आईने करवंटीत लावलेली.

५ जुलै

सांगितलं. ओन्केनला आधी. टी.ला आधी सांगायला हवं होतं, पण पाय तिकडेच वळले.

करवंटी घेऊन गेले. गेशे चहा गाळत होती. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही समुद्राने आणलेली नाही. ओरखडे दाखवले. खवणी म्हणजे काय ते हाताने करून दाखवलं, वाकून, जमिनीवर बसल्यासारखं. काय दिसत असेन कुणास ठाऊक. आई, डबी, रजिस्टर, सही. सगळं. जर्मन चुकत होतं, एकदा तर 'माझ्या वडिलांनी' म्हणाले.

ओन्केनने करवंटी उचलली. आतून अंगठा फिरवला. मग खाली ठेवली, चमचा उचलला आणि कपात उभा केला. पहिलाच कप होता त्याचा.

गेशेने त्याला नावाने हाक मारली, "हिनर्क."

तो उठून बाहेर गेला. सायकल काढल्याचा आवाज आला.

गेशेने मला दुसरा कप दिला. तिसराही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाळीस वर्षं शोधत होता हो तो." मला वाटलं होतं वाट मिळेल म्हणून ती निदान सुटका झाल्यासारखी दिसेल. नाही दिसली.

६ जुलै

टी.ला व्हिडिओवर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रजिस्टरमधली सही तुमची आहे?"

"हो."

"मग हे फक्त तुमच्या आईचं नाही."

"नाही."

"करवंटी कधी सापडली?"

"तीन जूनला."

"आज सहा जुलै आहे," एवढंच म्हणाली. मग काम सांगितलं. करवंटी पिशवीत घालून, तारीख आणि सही करून तिच्याकडे पाठवायची. विभागाला कळवावं लागेल. माझ्या प्रबंधातल्या रुजवणीच्या प्रकरणाचं काय करायचं ते ते ठरवतील. वेल परक्या बियांची निघाली तर बी धरायच्या आत मुळासकट काढायची, राखीव भागातला नियमच आहे. काढायची मी. सभेतही सांगायचं मीच.

मी विचारलं, आणि बेटाचीच निघाली तर? टी. पहिल्यांदाच अडखळली. "तसं होण्याचं काही कारण नाही," म्हणाली.

शेवटी म्हणाली, तुम्ही माझ्याकडे तीन जूनलाच आला असतात तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. दोन्ही क्रियापदं न घडलेल्या गोष्टींची.

९ जुलै

सभेत सांगितलं. स्लाइड्स नाहीत. 'कुणीतरी' म्हणणार होते, 'माझ्या आईने' म्हटलं. मागून कुणीतरी हसलं. निर्णय येनाचं उत्तर येईपर्यंत पुढे ढकलला.

ओन्केन आला नव्हता. गेशे होती. निघताना माझ्या दंडाला हात लावला फक्त.

११ जुलै

ओन्केन सहा दिवस बोललेला नाही. राखणीला जातो, मला लांबून पाहिलं की टेकडीच्या पलीकडून वळतो. जाळी मात्र त्याने काढलेली नाही. वाऱ्याने एक खुंटी पडली होती, ती आज परत ठोकलेली.

१३ जुलै

सकाळी खिडकीवर टकटक.

आत आला नाही. खिडकीतूनच, टोपी डोक्यावर, नजर सायकलच्या हँडलवर. "बिया कुठून आल्या होत्या तुमच्याकडे?"

"उद्यानातून. मूळ ठिकाण अज्ञात."

"हम्म."  मग सांगितलं. तरुण होता तेव्हा एका उद्यानाने सगळ्या किनाऱ्यावर पत्रं पाठवली होती, दुर्मीळ झाडांच्या बिया जमवा म्हणून. बोटशेडमागे तेव्हा वेल होती. त्याने काडेपेटीभर बिया पाठवल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं, टेकडी अर्धी गेली, वेल गेली ती गेलीच.

"कुठलं उद्यान?"

"ते आठवत असतं तर मी आठ दिवस कशाला घालवले असते?" ओरडला. इतकं बरं वाटलं मला. "कपाटं उपसली. पत्र नाही. गेशेला फक्त काडेपेटी आठवते, तिचीच होती."

मी म्हटलं, हेर ओन्केन, अशा बागा शंभर असतील.

"माहीत आहे," म्हणाला. सायकलवर बसला. "पण करवंटी तिने तिथेच पुरली ना? सगळ्या बेटावर तिथेच. का?"

"कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी जागा बघितली, म्हणते."

"हो," तो म्हणाला. "वेलीनेही तीच बघितली होती."

१४ जुलै

टी.ला काडेपेटीचं कळवलं. उत्तर एका ओळीचं: 'आठवण हा पुरावा नव्हे.' तासाभराने दुसरं: 'उद्यानाच्या जुन्या नोंदवह्या मागवल्या आहेत.'

मग मीच विचारत बसले. येनाने बेटाचीच म्हटलं तर ती काय धरायची? मूळची, कारण इथल्या मातीतली. लावलेली, कारण आईने लावली. रकाना एकच आहे. आणि वाट? बेटाची निघाली तर गेशेची वाट जाणार, परकी निघाली तर ओन्केनची वेल. मी खरं बोलले म्हणून यातलं काही टळलं नाही. मला उगाच वाटत होतं टळेल.

१८ जुलै

अमेय: "उद्या संध्याकाळपर्यंत." नेहमीचा फाजीलपणा नाही. त्यालाही कळलंय. म्हणाला, "मी आकडे आधी तुला नाही सांगू शकत, तुला आणि तुझ्या गाईडना एकदमच पाठवीन. चालेल ना?" म्हटलं, चालेल. तसंच कर.

१९ जुलै

सकाळी आठला ओन्केन दारात, हातगाडी घेऊन. या बेटावर मोटारी नाहीत. फेरीवरून सामान आणायच्या या चार चाकी लाकडी गाड्या घरोघरी असतात. गाडीत उशा, उशांवर गेशे, मांडीवर थर्मास. "आज संध्याकाळी काय व्हायचं ते होईल," तो म्हणाला. "हिने ती एकदा बघायला हवी. मागून ढकला."

रस्त्याच्या टोकापर्यंत सोपं होतं. पुढे वाळू. तो ओढतोय, मी ढकलतेय, चाकं रुततायत, गेशे दोघांना सूचना देतेय. तीनदा थांबलो. पन्नास पावलांना अर्धा तास. फळ्या असत्या तर दोन मिनिटं लागली असती, हे तिघांनाही कळत होतं. 

बोटशेड ओलांडलं आणि ओन्केनने ओढायचं सोडून दिलं. फूल आलं होतं. एकच. फिकट गुलाबी, पाच पांढरे पट्टे, नरसाळ्यासारखं उघडं. काल कळी होती.

गेशेने फुलाकडे नीट पाहिलं. "लहानच आहे की," म्हणाली. मग मान वर केली. तिथे दोन टेकड्यांच्या फटीतून समुद्र दिसतो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूवर ऊन. त्यानंतर ती फुलाकडे बघेचना. ओन्केन तिच्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड मला बघवलं नाही.

मी बाजूला होऊन आईला फोन लावला. व्हिडिओ. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ.

"आई, सॉरी."

"कशाबद्दल ते?"

फोन वेलीकडे धरला. चष्मा शोधल्याचा आवाज. मग, "जगली गं! आणि फूलसुद्धा? आपल्या समुद्रावरचीच की ही." नंतर मागच्या गाडीतली बाई दिसली तिला. "त्या कोण?"

सांगितलं. सगळं सांगितलं, वाटेचं, रकान्याचं, संध्याकाळच्या निकालाचं. आणि कदाचित उपटावी लागेल, मलाच, हेही. आई ऐकत होती. शिक्षिका असताना मुलांचं ऐकायची तशी, मध्ये न बोलता.

"उपटलीच तर टाकू नकोस हं," म्हणाली. "करवंटीत घाल. त्या बाईंच्या खिडकीत ठेव."

"ती काय म्हणतेय?" गेशेने विचारलं. मी भाषांतर केलं. गेशेने फोनकडे बघून मान हलवली, आईने नमस्कार केला. मी दोघींना आपापल्या भाषेत सांगितलं की असं करता येणार नाही, राखीव झाड घरात ठेवता येत नाही आणि परकं असेल तर जाळावं लागतं.

गेशे म्हणाली, "नारळ कुठे मिळतो?"

"ओल्डेनबुर्गला," ओन्केन म्हणाला. "मंगळवारच्या फेरीने आणता येईल."

आता साडेचार वाजलेत. मेल अजून आलेली नाही. फॉर्म समोर आहे, बाकी सगळा भरलेला. बेट, जागा, फांद्या नऊ, फूल एक. 'शोधणारा' या ओळीत ओन्केनचं नाव आहेच, त्याखाली आईचं लिहिलं. तो रकाना तसाच आहे.